शेल्टरमध्ये काम करायचंय? आधी लस, मग झाडू, मग कुत्रा

मे महिन्यात आणि गणपतीच्या आगेमागे आमच्या शेल्टरचा फोन वाजत राहतो. "आम्हाला मुक्या जनावरांसाठी काहीतरी करायचंय." हेतूबद्दल शंका नसते. पण फाटक उघडलं की पाय थेट पिल्लांच्या पिंजऱ्याकडे वळतात आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. रेबीजची लस घेतलेली नाही, पायात चप्पल, आणि आत्ताच रस्त्यावरच्या एका आजारी कुत्र्याला कुरवाळून आलेले हात.

ही चूक मीही केली आहे. माझ्या दुसऱ्याच आठवड्यात आजारी विभागातल्या पिल्लाला सलाइन लागलं होतं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि तसाच उठून निरोगी पिल्लांना भात वाढायला गेलो. पाचव्या दिवशी त्यातली दोन पिल्लं उलट्या करू लागली. पार्वो होता, कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. चार पिल्लांपैकी एक वाचलं. तेव्हापासून नवीन माणूस आला की मी आधी क्रम सांगतो. तोच इथे लिहितो आहे.

## टप्पा १: न सांगता जाऊ नका

कोकणातली बहुतेक शेल्टरं लहान असतात. कुणाच्या तरी आंब्याच्या बागेतला तुकडा, चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, एक कायमचा माणूस आणि आठवड्यातून एक-दोनदा येणारे डॉक्टर. तिथे अचानक पाच जणांचा घोळका आला की त्या एका माणसाची सकाळ वाया जाते. फोन करा आणि एवढं विचारा:

- डॉक्टर कुठल्या वारी येतात? नसबंदीच्या दिवशी पहिल्यांदा जाऊ नका, त्या दिवशी तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.
- आजारी जनावरांचा विभाग वेगळा आहे का? "नाही" असं उत्तर आलं, तर तुमचं पहिलं काम तो वेगळा करायला हातभार लावणं.
- १८ वर्षांखालच्या मुलांना घेतात का, आणि कुठल्या कामाला?
- कुणाला चावलं तर दवाखान्यात कोण नेतं, आणि तिथे रेबीजची लस आणि सीरम (चावल्यावर जखमेत देतात ते तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मिळतं का?

शेवटचा प्रश्न विचारायला माणसं लाजतात. लाजू नका. गावच्या आरोग्य केंद्रात लस असेल, पण सीरमसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागू शकतं, आणि पावसात घाट बंद असला तर तो अर्धा दिवस जातो.

आठ दिवसांसाठी गावी आलेल्या चाकरमान्यांनी तसं सरळ सांगावं. आठ दिवसांत कुत्र्याला तुमचा लळा लागतो आणि नवव्या दिवशी तुम्ही बोरिवलीला जाता. त्यापेक्षा पत्र्याची गळती काढा, जुन्या गोधड्या धुऊन शिवून द्या, दत्तक देण्यासाठी चांगले फोटो काढा, जनावर दवाखान्यात न्यायला गाडी द्या. गावातच राहणाऱ्यांनी एक ठरलेला वार द्यावा. रविवारी सगळे येतात. मंगळवारी येणारा माणूस मिळाला की आम्ही त्याला चहाबरोबर घावनेही देतो.

## टप्पा २: लस, आणि त्यासाठीचा महिना

इथे घाई करणारे सर्वांत जास्त, म्हणून जरा थांबून लिहितो.

रेबीजची लस चावल्यावरच घ्यायची असते, असा समज पक्का आहे. प्राण्यांत काम करणाऱ्यांनी ती आधीच घ्यायची असते. आपल्याकडे सहसा तीन डोस देतात: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. पहिला डोस घेतला तो दिवस "शून्य" धरतात, "एक" नाही. या मोजणीत गोंधळ होतो, म्हणून पहिल्याच दिवशी कार्डावर पुढच्या तारखा लिहून घ्या.

आधी लस घेतलेली असेल तर चावल्यावर पुन्हा फक्त दोन डोस लागतात, त्याच दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी, आणि सीरमची गरज पडत नाही. जिथे सीरमसाठी गाडी करून जावं लागतं, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. "आमच्या गावात अजून कुणाला झालं नाही" हा त्यावरचा उपाय नव्हे.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही बघून घ्या. मधुमेह असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा कुठलाही उपचार चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

> तपासा: शेवटचा डोस होईपर्यंत जनावराला हात लावायचा नाही. हा महिना रिकामा घालवू नका. भांडी, धुणं, नोंदवही, औषधांच्या तारखा, फोन घेणं ही कामं शिका. हे करून टिकलेला माणूस पुढेही टिकतो, हा माझा अनुभव.

## टप्पा ३: काय घालून जायचं

जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रश्नच नाही: गमबूट. जांभ्याच्या फरशीवर शेवाळ चढतं आणि चपलेवर माणूस हमखास आडवा होतो. पण खरं कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या, कुत्र्यांच्याही, लघवीतून हा जंतू साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून, चिखल्यांतून, डोळ्यातोंडातून शरीरात शिरतो. भातलावणी करणाऱ्यांना हे माहीत आहे. शेल्टर धुताना मात्र तीच माणसं अनवाणी उभी राहतात.

अंगावर पूर्ण पँट, जाडसर बाह्यांचा शर्ट. ओढणी, लोंबते डूल, गळ्यातली लांब माळ घरी. नखं कापलेली. हातापायावर जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी. पिशवीत कपड्यांचा दुसरा जोड आणि घालून आलेले कपडे परत न्यायला एक प्लास्टिकची पिशवी. शेल्टरचे बूट शेल्टरमध्येच ठेवायचे, घरी न्यायचे नाहीत. घरी स्वतःचा कुत्रा असेल तर हा नियम दुप्पट कडक, आणि त्याची लस झाली आहे ना हेही आधी बघा.

सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला, कोरड्या महिन्यांत गोचिडींची जास्त काळजी घ्या. तिथे गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे बघा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

## टप्पा ४: पहिला दिवस, हात पाठीमागे

पहिल्या दिवशी तुम्हाला कंटाळा येणार, हे आधीच सांगतो. काम एकच: बघणं.

बंद पिंजऱ्यासमोर सरळ उभं राहून, वाकून, डोळ्यात डोळे घालून "अले ले ले" करणं हे माणसाच्या भाषेत प्रेम असेल, घाबरलेल्या कुत्र्याला ती धमकी वाटते. जरा तिरकं उभं राहा, नजर बाजूला ठेवा, त्याला येऊ द्या. आणि या खुणा ओळखायला शिका: झोप नसताना जांभई, खाणं समोर नसताना जिभेने नाक चाटणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, अंग ताठ करून एकदम स्तब्ध होणं. शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. गुरगुरणारा कुत्रा तुम्हाला सांगतो तरी आहे. ज्याला गुरगुरल्याबद्दल मार मिळालेला असतो तो सांगायचं सोडतो आणि थेट चावतो. म्हणून गुरगुरणाऱ्यावर ओरडायचं नाही, मागे सरकायचं.

शेपटी हलते आहे म्हणजे तो खूश आहे, हेही विसरा. ताठ, उंच धरलेली आणि भराभर हलणारी शेपटी ताणाचीही असते.

> थांबा: प्रत्येक पिंजऱ्यावरची पाटी वाचल्याशिवाय कडीला हात नाही. पाटी नसेल तर विचारा. विचारायला माणूस नसेल तर कडी तशीच राहू द्या.

## टप्पा ५: सफाई, आणि तिचा क्रम

शेल्टरचं खरं काम हे. आणि सर्वांत जास्त चुका इथेच.

कुठून कुठे जायचं. आधी लस न झालेली निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठे, मग ज्यांचं अजून काही कळलेलं नाही असे नवीन आलेले, आणि शेवटी आजारी विभाग. उलटं कधीही नाही. आजारी विभागाचा झाडू, बादली, भांडी, बूट सगळं वेगळं. आम्ही तिथल्या वस्तूंना लाल रंगाचा पट्टा मारला आहे. मराठी, हिंदी, मालवणी कुठल्याही भाषेत सांगण्यापेक्षा तो पट्टा जास्त कळतो. आजारी विभागातून बाहेर पडलात की तुमचा दिवस संपला. "जाता जाता पिल्लांना टाटा करतो" हे चालत नाही.

कसं धुवायचं. क्रमाने:

१. जनावर दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा. त्याच्या अंगावर पाणी किंवा औषध उडता कामा नये.

२. शी, उलटी, ओलं अंथरूण कोरडंच उचला. आधी पाइप मारला तर घाण शेजारच्या पिंजऱ्यात वाहत जाते. चिऱ्याच्या खडबडीत भिंतीत ती बसते ती वेगळीच.

३. साबणाच्या पाण्याने घासा, खराट्याने कोपरे काढा, धुवा.

४. मगच जंतुनाशक. ४-५ टक्क्यांचं बाटलीतलं ब्लीच असेल तर एका भागाला साधारण ३० भाग पाणी, म्हणजे लिटरला ३० ते ३५ मिली. फरशीवर १० मिनिटं ओलं राहू द्या. ओतलं आणि लगेच धुतलं तर ब्लीच फुकट गेलं.

५. भरपूर पाण्याने धुवा, वाळू द्या, मग जनावर आत.

तिसरी आणि चौथी पायरी लोक एक करतात. घाणीवर ब्लीच टाकलं की ते घाणीशीच झगडून संपतं, पार्वोपर्यंत पोचत नाही. हा विषाणू जमिनीत आणि फटींत महिनोन् महिने टिकतो. साध्या फिनेलने तो मरत नाही. फिनेलचा वास आला की आपल्याला "स्वच्छ झालं" असं वाटतं, ती नुसती सवय आहे.

> थांबा: ब्लीचमध्ये फिनेल, अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण मिसळू नका. अ‍ॅसिडबरोबर त्यातून विषारी वायू निघतो. ब्लीचचं पाणी रोज ताजं करा, आपल्याकडच्या उकाड्यात कालचं उरत नाही.

पावसाळ्यात पाचवी पायरी रडकुंडीला आणते, कारण वाळतच नाही काही. आम्ही रबरी वायपरने पाणी ओढतो, फळ्यांचे बुटके पाट आत टाकतो आणि ओलं गोणपाट मुळीच ठेवत नाही. ओल्या अंथरुणात बुरशी येते, कातडी बिघडते. मग त्यावर माश्या आणि त्यानंतर जखमेत अळ्या. अळ्या दिसल्या तर पेट्रोल, फिनेल, टर्पेंटाइन काही ओतू नका. आजोबा बैलाला लावायचे म्हणून कुत्र्याला चालतं असं नाही, कुत्रा ते चाटतो. जखम झाका, जनावराला माश्यांपासून दूर ठेवा, डॉक्टरांना फोन करा.

## टप्पा ६: खाणं

खाण्याची वेळ ही भांडणाची वेळ. प्रत्येकाला वेगळं भांडं, एकमेकांना न दिसेल असं अंतर, आणि भांडं ठेवून मागे व्हायचं. हातातून भरवायचं नाही. खाताना पाठीवरून हात फिरवायचा नाही.

बंदराजवळच्या शेल्टरांना एक गोष्ट ठाऊक असावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरातून मिळणारी माशांची टाकाऊ डोकी त्या दोन महिन्यांत येत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच जेटीवरची उपाशी मांजरं आणि कुत्री जास्त येतात. तेव्हा मे महिन्यातच कणी, अंडी, कोंबडीची सोय बोलून ठेवा आणि खाणं चार-पाच दिवसांत हळूहळू बदला. एकदम बदललं की सगळ्यांना जुलाब लागतात, आणि शेल्टरमध्ये जुलाब म्हणजे पार्वोची धास्ती.

काय देऊ नये: शिजवलेली हाडं, शिंगाळ्याचं डोकं (त्याचे करवती काटे टाळूत, घशात रुततात), खारवलेली सुकट, कांदा-लसूण घातलेलं काहीही, चॉकलेट. लग्नातलं उरलेलं जेवण घेऊन टेंपोच येतो कधीकधी. पुलाव, रस्सा, गुलाबजाम. देणाऱ्याचं मन मोडवत नाही, पण त्यातला साधा भात तेवढा घ्या, बाकीचं नम्रपणे परत.

> तपासा: भांडी परत घेताना मोजा आणि कुणी किती टाकलं ते बघा. जनावर आजारी असल्याची पहिली बातमी भांड्यात मिळते.

## टप्पा ७: कुत्र्याला फिरवायला नेणं

लसीचे डोस झाले, दोन-तीन आठवडे सफाई केली, कुत्रे तुम्हाला ओळखू लागले. मगच पट्टा हातात.

गळपट्ट्यात दोन बोटं जेमतेम जातील एवढीच जागा हवी. त्यापेक्षा सैल असेल तर घाबरलेला कुत्रा मागे रेटा देऊन मान सोडवून घेतो. नवीन कुत्र्याला दोन पट्टे लावा, एक गळ्याला, एक छातीभोवतीच्या हार्नेसला. पट्टा मनगटाला गुंडाळू नका. मोठा कुत्रा ओढला की मनगट जातं. आतलं दार लागल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. एका माणसाला एक कुत्रा.

कुठे फिरवायचं हेही ठरलेलं असू द्या. महामार्गाच्या कडेला नको. समुद्रावर न्यायचं असेल तर वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून कासवांची पिल्लं समुद्रात जाईपर्यंत मुळीच नको. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी उकरण्यात कुत्री पटाईत असतात. एका मुक्या जनावराची सेवा करताना दुसऱ्याची अंडी खाऊ घालण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारची वाळू आणि डांबर तळव्याला भाजतं. आपला हात पाच सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर परत फिरा.

## टप्पा ८: मांजरं

मांजरांच्या खोलीत फिनेल अजिबात नको. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराचं शरीर नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि ते पंजे चाटतंच. कुत्र्यांकडून मांजरांकडे जाताना वरचा शर्ट बदला. धरायचं झालं तर मोठा टॉवेल. गरोदर बायकांनी मांजराची शी काढायचं काम घेऊ नये, टॉक्सोप्लाझ्मा या जंतूचा पोटातल्या बाळाला धोका असतो. बाकी मांजर स्वतःच नियम सांगतं.

## टप्पा ९: चावलं, ओरबाडलं तर

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. आपल्याला जी १५ मिनिटं वाटतात ती सहसा तीन असतात.

२. वर पोविडोन आयोडीनसारखं जंतुनाशक. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफी पूड काहीही लावायचं नाही. घट्ट बांधायचं नाही.

३. त्याच दिवशी दवाखाना. लसीचं कार्ड बरोबर. "आधी लस झाली आहे" हे स्वतःहून सांगा.

४. कुठल्या जनावराने, कसं, कुठे चावलं हे वहीत लिहा. कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याला १० दिवस नजरेखाली ठेवा. पण तुमची लस त्या १० दिवसांसाठी थांबवायची नाही.

रक्त न येता नुसतं ओरबाडलं तरी हेच. खरचटलेल्या जागी लाळ लागली तरी हेच. धड कातडीवर चाटलं तर धुणं पुरतं. स्वयंसेवक चावल्याचं लपवतात, कारण "कुत्र्याला शिक्षा होईल" अशी भीती वाटते. लपवलेला चावा हा शेल्टरसाठी सर्वांत वाईट चावा.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना "मी जनावरांत काम करतो" हे पहिल्या वाक्यात सांगा. लेप्टो वेळेत ओळखला तर बरा होतो. डॉक्सिसायक्लिन ही त्यावरची गोळी मात्र मनाने घेऊ नका.

## टप्पा १०: निघताना, आणि निघाल्यावर

हात कोपरापर्यंत धुवा, कपडे बदला, बूट जागेवर, सगळ्या कड्या एकदा डोळ्याने आणि एकदा हाताने तपासा.

महिन्याभरात गावात तुमची ओळख "कुत्रेवाला" अशी होईल आणि फोन यायला लागतील. दोन गोष्टी पाठ ठेवा. एक, कानाच्या टोकाला काप दिलेला कुत्रा म्हणजे त्याची नसबंदी झालेली आहे. तो धडधाकट असेल तर नुसता रस्त्यावर दिसला म्हणून उचलून आणू नका, तेच त्याचं घर आहे. दोन, साप, माकड, उदमांजर, खवले मांजर, कोल्हा यांना शेल्टरमध्ये आणायचं नाही. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. गुरं किंवा कुत्री जखमी असतील तर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२.

शेल्टरचं ठिकाण, फाटकाचा फोटो, लोकेशन सोशल मीडियावर टाकण्याआधी विचारा. आमच्याकडे एका प्रेमळ रीलनंतर आठवडाभर रोज सकाळी फाटकाशी खोक्यात पिल्लं सापडत होती.

आणि वही. फाटकाबाहेर पडण्याआधी चार ओळी लिहायच्याच. "सगळं छान" ही नोंद नव्हे. नोंद अशी: "मंगळवार, सकाळी ८ ते ११. तीन नंबरने अर्धं टाकलं, शी सैल. सात नंबर उजवा मागचा पाय टेकत नाही. पिल्लांच्या खोलीचा नळ गळतो. ब्लीच दोन बाटल्या उरलं. मागच्या दाराची कडी सैल, तारेने बांधली आहे, उद्या येणाऱ्याने पान्हा आणावा."